कुलूप, किल्ली आणि परतीची वाट

काही नावे अशी असतात की ती कानांवर पडताच माणसाने त्यांच्या वाटेला जाऊच नये असे वाटावे. ‘मेट्रॉइडव्हेनिया’ हे त्यांपैकीच एक. एखाद्या जालीम औषधाच्या बाटलीवर शोभावे असे हे नाव; प्रत्यक्षात मात्र ते व्हिडिओ गेमच्या एका घराण्याचे नाव आहे. गाण्यात जशी घराणी असतात, तशी या पडद्यावरच्या खेळांतही आहेत. कुणी नुसते धावण्याचे, कुणी मोटारी पळवण्याचे, कुणी गोळ्या झाडण्याचे, तर कुणी चक्क शेतीभाती आणि गुरेढोरे सांभाळण्याचे. या घराण्याचे नाव दोन पूर्वजांची नावे जोडून तयार झाले आहे. पहिला पूर्वज ‘मेट्रॉइड’. निन्टेंडो या जपानी कंपनीने तो १९८६ साली काढला. दुसरा ‘कॅसलव्हेनिया’, कोनामी या दुसऱ्या जपानी कंपनीचा. तोही मूळचा १९८६ चाच. परंतु या घराण्यात त्याला मानाचे पान मिळाले ते १९९७ साली निघालेल्या ‘सिम्फनी ऑफ द नाईट’ या भागामुळे. पहिल्याचे धड घेतले, दुसऱ्याचे शेपूट घेतले आणि बारसे उरकले! व्याकरणाच्या कोणत्याही नियमात न बसणारी ही संधी आता जगभर रूढ झाली आहे, आणि रूढीपुढे व्याकरणाचे काही चालत नाही हे मराठीच्या शिक्षिकेला कुणी वेगळे सांगावयास नको.

मग मराठीच्या शिक्षिकेने या भानगडीत पडावेच कशाला? सांगते. चांगली कादंबरी आणि बरी कादंबरी यांत फरक कोणता, हा प्रश्न माझ्या वर्गात दर वर्षी कुणी ना कुणी विचारतेच. या खेळांच्या बाबतीत मात्र तो आपल्या घरांतून कधीच विचारला जात नाही. मुलाच्या हातात पुस्तक दिसले की आपण विचारतो, “कोणते रे?” खेळ दिसला की विचारतो, “अजून किती वेळ?” पुस्तकांत भेद असतो हे आपल्याला ठाऊक आहे, खेळ मात्र सगळे सारखेच, आणि सगळे सारखेच वाईट, अशी आपली समजूत. वास्तविक या एकाच घराण्यात थोर खेळ आहेत, सामान्य आहेत आणि टाकाऊही आहेत. एक खेळ पुरा व्हावयास वीस-तीस तास सहज लागतात. आपल्या घरातल्या कुणाचे तरी आयुष्यातले तीस तास जर तिकडे जाणार असतील, तर ते कुठे जातात याची चौकशी करणे हे काही रिकामपणचे काम नव्हे.

घराण्याची रीत

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत, त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख करून देते. १९८५ साली निघालेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ पुष्कळांनी लहानपणी शेजारपाजारी का होईना, पाहिला असेल. त्यातला तो मिशाळ प्लंबर डावीकडून उजवीकडे धावतो. पडदा एकदा पुढे सरकला की मागे येत नाही. गेले ते गेले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘मेट्रॉइड’ने ही रीत मोडली. त्यात सॅमस अरान नावाचे एक चिलखतधारी पात्र झेबेस नावाच्या परग्रहाच्या पोटात उतरते. खेळाडू सवयीने उजवीकडे जातो, आणि थोड्याच वेळात एका इतक्या बुटक्या बोळाशी येऊन थांबतो की त्यातून मांजरानेच जावे. वाट खुंटली! मग केव्हातरी त्याच्या ध्यानात येते की ज्या जागी आपण प्रथम उभे होतो, तिथून डावीकडेही जाता येते. तिकडे गेले की अंगाचा गोळा करून घरंगळत जाण्याची शक्ती मिळते. ती घेऊन परत उजवीकडे यावयाचे, आणि त्या बुटक्या बोळातून सुळकन पलीकडे जावयाचे.

या घराण्याची सारी रीत या पहिल्या दोन मिनिटांत आली. एक अवाढव्य जागा असते. मग तो ग्रह असो, किल्ला असो, की पाताळात बुडालेले राज्य असो. तिच्यात फिरावयाचे. वाट अडली की ती जागा मनात टिपून ठेवावयाची. दुसरीकडे कुठेतरी एखादी नवी शक्ती मिळते. उंच उडी, भिंतीवर चढणे, पाण्याखाली चालणे, अशी काही. मग मागे वळावयाचे आणि अडलेली वाट मोकळी करावयाची. कुलूप, किल्ली आणि परतीची वाट, एवढाच या खेळांचा मालमसाला. थोरांनाही तोच आणि सामान्यांनाही तोच. तांदूळ, डाळ आणि मीठ सर्वांच्याच घरी असते; पण खिचडी सगळ्यांची सारखी होत नाही.

(जाता जाता एक गंमत. १९८६ चा ‘मेट्रॉइड’ खेळाडूने पुरेशा लवकर संपवला, तर शेवटी सॅमस शिरस्त्राण उतरवते आणि कळते की इतका वेळ आपण ज्याला वीरपुरुष समजत होतो ती एक तरुणी आहे. खेळाबरोबर मिळणाऱ्या इंग्रजी पुस्तिकेतसुद्धा तिचा उल्लेख पुल्लिंगी केला होता. मराठीत असती तर क्रियापदानेच पहिल्या ओळीत गुपित फोडले असते!)

किल्ली की अक्कल?

पहिली कसोटी ही की, खेळात मिळणारी नवी शक्ती ही नुसती किल्ली आहे की आणखी काही आहे.

सामान्य खेळात लाल दार असते, आणि पुढे कुठेतरी लाल किल्ली असते. मग निळे दार, निळी किल्ली. कधी किल्लीला किल्ली न म्हणता ‘ज्वालेचा मंत्र’ वगैरे भारदस्त नाव दिलेले असते. पण त्या ज्वालेने ज्वालेचेच दार उघडते, बाकी तिचा उपयोग शून्य. असा खेळ म्हणजे सरकारी कचेरी. या खिडकीवरचा कागद त्या खिडकीवर नेऊन दिला की काम झाले. त्यात चालणे आहे, बुद्धी नाही.

थोर खेळात शक्ती मिळाली की हालचालच बदलते, आणि म्हणून सारी जागाच बदलते. २०१५ साली मून स्टुडिओज या संस्थेने काढलेला ‘ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट’ घ्या. त्यात अरण्यातला एक चिमुकला तेजस्वी जीव आपण असतो. मध्येच त्याला एक शक्ती मिळते. शत्रूला, किंवा त्याने फेकलेल्या अग्निगोळ्याला, हवेतच धरावयाचे. क्षणभर काळ थांबतो. मग गोळा एका दिशेला भिरकवावयाचा आणि स्वतः उलट दिशेला झेपावयाचे. तेवढ्याने काय होते पाहा. आतापर्यंत जो शत्रू अडथळा होता, तोच शिडीची पायरी होतो. ज्या दरीत पाय ठेवावयास जागा नव्हती, तिच्यात चारी दिशांनी येणाऱ्या गोळ्यांचा जिना तयार होतो. तीच शक्ती लढण्याची, तीच चढण्याची आणि तीच बंद दार फोडण्याची. खेळाडूला एक किल्ली मिळालेली नसते. एक नवे क्रियापद मिळालेले असते, आणि ते क्रियापद तो हव्या त्या वाक्यात चालवून पाहतो.

याहून वरची पायरी १९९४ च्या ‘सुपर मेट्रॉइड’ने गाठली. योशिओ साकामोतो यांच्या दिग्दर्शनाखाली झालेला हा खेळ आजही या घराण्यातला मापदंड मानला जातो. त्यात एका खोल विहिरीसारख्या जागेत आपण अडकतो. तिथे तीन लहानगे प्राणी असतात. ते बोलत नाहीत, पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. ते फक्त या भिंतीवरून त्या भिंतीवर उसळ्या घेत वर जातात, खाली येतात आणि पुन्हा वर जातात. आपण पाहतो, करून पाहतो, पडतो, पुन्हा करून पाहतो. आणि पाचपन्नास प्रयत्नांनंतर तसेच वर चढून येतो. मग लख्ख उजेड पडतो, की ही विद्या आपल्यापाशी पहिल्या क्षणापासून होती! खेळाने नवे काही दिलेच नाही, दाखवले मात्र. ही किल्ली पात्राच्या खिशात नसून खेळाडूच्या डोक्यात असते. खेळ पहिल्यापासून पुन्हा सुरू केला, तर पात्र रिकाम्या हातांनी उभे राहते. पण खेळाडू पूर्वीचा राहिलेला नसतो. शिक्षकाच्या धंद्यात वीस वर्षे काढल्यावर मी एवढे निश्चित म्हणेन, की न बोलता शिकवण्याचा इतका नेटका पाठ मी क्वचितच पाहिला आहे.

परतीची वाट

दुसरी कसोटी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ज्या वाटेने आपण गेलो, तिच्याच वरून परत येताना काय वाटते?

या खेळांवरचा नेहमीचा आक्षेप असा की, त्यांत पुन्हा पुन्हा त्याच त्याच जागी हेलपाटे घालावे लागतात. सामान्य खेळाच्या बाबतीत तो अगदी रास्त आहे. तेच दालन, तेच चार राक्षस, त्याच जागी, त्याच पवित्र्यात. आपण त्यांना मघाशी मारले, आता पुन्हा मारावयाचे, कारण तिकडच्या टोकाला एक दार उघडावयाचे राहिले आहे. हे म्हणजे चार जिने उतरून खाली यावे आणि पिशवी वरच राहिली म्हणून पुन्हा वर जावे, तसे. पाय दुखतात, दुसरे काही होत नाही.

थोर खेळ परतीच्या वाटेवर काहीतरी मांडून ठेवतो. ‘सुपर मेट्रॉइड’च्या आरंभी सॅमस झेबेस ग्रहावर पुन्हा उतरते. पाऊस पडतो आहे, चिटपाखरू नाही. खाली उतरत उतरत ती जिथे पोचते, ते १९८६ च्या खेळातले पडके अवशेष असतात. अंगाचा गोळा करण्याची शक्तीही त्याच जुन्या कोपऱ्यात, तशीच ठेवलेली. ती उचलून ती परत निघते, आणि मघाची निर्मनुष्य वाट आता जागी झालेली असते. दिवे लागलेले, शत्रू फिरत असलेले. वाट तीच, परंतु तिने आपल्याला पाहिले आहे. आठ वर्षांपूर्वी पहिला खेळ खेळलेल्या जपानी मुलाला त्या कोपऱ्याशी आल्यावर काय वाटले असेल, याची कल्पना जुन्या शाळेच्या फाटकाशी कधीतरी उभा राहिलेल्या कुणालाही येईल.

‘सिम्फनी ऑफ द नाईट’ने तर कमालच केली. ड्रॅक्युलाचा मुलगा ॲल्युकार्ड बापाच्या किल्ल्यात शिरतो. दालनामागून दालने धुंडाळीत शेवटच्या लढाईशी येतो. समोरच्या माणसाला नुसते मारले, तर खेळ तिथेच संपतो आणि पुष्कळांना वाटते, झाले, जिंकलो. पण पूर्वी मिळालेला एक विशिष्ट चष्मा डोळ्यांवर चढवून लढले, तर दिसते की समोरचा माणूस खरा वैरी नव्हेच. त्याला दुसऱ्याच कुणीतरी भारून टाकले आहे. ती भूल तोडली की आकाशात सबंध किल्ला पुन्हा अवतरतो, पण उलटा! छत झाले जमीन, जमीन झाली छत, आणि जिने टांगलेले. ओळखीचे सारे काही अनोळखी होऊन बसते. किल्ला किती पाहिला याचा हिशेब हा खेळ टक्क्यांत देतो, आणि तो आकडा शंभरावर न थांबता २००.६ पर्यंत जातो. दोनशे टक्क्यांची गुणपत्रिका आमच्या विद्यापीठानेही अजून दिलेली नाही. या उलट्या किल्ल्यात पहिल्याइतकी कलाकुसर नाही, काही दालने नुसतीच भरताड वाटतात, हेही खरे. मोठ्या कृतींतही खोट असते. मात्र ती कल्पनेच्या दारिद्र्याची नसते.

आणि ‘हॉलो नाईट’. हा २०१७ साली निघाला. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातले आरी गिब्सन आणि विल्यम पेलन यांनी मोजक्या सोबत्यांना घेऊन तो घडवला. त्यासाठी २०१४ साली त्यांनी लोकांकडून वर्गणी मागितली, तेव्हा सुमारे ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमले होते. किड्यामुंग्यांचे एक प्राचीन राज्य जमिनीखाली ओस पडले आहे, आणि एक चिमुकला मुखवटाधारी कीटक त्यात उतरतो, अशी त्याची हकीकत. या राज्याच्या राजधानीत अखंड पाऊस पडत असतो. जमिनीखाली पाऊस कसा? खेळ सांगत नाही. आपण भिजत भिजत निघून जातो. पुढे पुष्कळ तासांनी, निराळ्याच वाटेने हिंडताना आपण एका विस्तीर्ण, शांत, निळ्या तळ्याच्या काठी येतो. नकाशा उघडून पाहिला, की ते तळे बरोबर त्या शहराच्या माथ्यावर असते. शहरावर पडणारा तो पाऊस म्हणजे या तळ्याचे झिरपणे! तिथे लढाई नाही की बक्षीस नाही. दोन आठवणी एकमेकींना भेटतात, एवढेच. पण ज्याला हे स्वतःहून उमगले, त्याने त्या क्षणी जे काही अनुभवले त्याला मी वाचनानंदच म्हणेन. कादंबरीत चाळिसाव्या पानावरचे साधे वाक्य तीनशेव्या पानावर अचानक पेटते, तसेच हे.

हरवण्याची मुभा

तिसरी कसोटी नकाशाची. पहिल्या ‘मेट्रॉइड’मध्ये नकाशा नव्हताच. मुले चौकटींच्या कागदावर पेन्सिलीने आपापले नकाशे काढीत. पुढे खेळच नकाशा दाखवू लागले, ते सोयीचे झाले. पण त्या सोयीचा अतिरेकही झाला. आजच्या सामान्य खेळात पडद्याच्या कोपऱ्यात बाण असतो, ‘इकडे जा’. पोचलात की नवा बाण, ‘आता तिकडे जा’. त्या बाणाकडे पाहत खेळणारा त्या जागेत राहतच नाही. रिक्षात बसून मोबाइलवरचा निळा ठिपका पाहत घरी येणाऱ्या माणसाला वाटेतली वळणे सांगता येत नाहीत, तसे त्याचे होते.

‘हॉलो नाईट’ इथे मोठा मार्मिक तोडगा काढतो. नव्या मुलखात उतरलात की तुमच्यापाशी नकाशा नसतो. तुम्ही हरवता. मग केव्हातरी जमिनीवर कागदाचे कपटे दिसू लागतात आणि दुरून कुणीतरी गुणगुणत असल्याचा आवाज येतो. त्या गुणगुणण्याच्या मागाने गेले की कॉर्निफर नावाचा एक लठ्ठसा नकाशेवाला कोपऱ्यात कागद पसरून बसलेला सापडतो. तो नकाशा विकतो, पण अर्धवट. त्याने पाहिले तेवढेच त्याने काढलेले. उरलेले तुम्ही भरावयाचे. त्यासाठी गावात त्याची बायको दुकान मांडून बसली आहे, तिच्याकडून लेखणी विकत घ्यावयाची. बरे, नकाशा भरला जातो तोही चालता चालता नव्हे. एखाद्या बाकावर जाऊन विसावलात म्हणजेच. आपण नकाशात कुठे आहोत हे दिसावे असे वाटत असेल, तर होकायंत्राचा ताईत लेवावा लागतो. आणि तो लेवला की दुसऱ्या एखाद्या उपयोगी ताइतासाठी जागा कमी पडते. म्हणजे, ‘मी कुठे आहे’ या ज्ञानालाही किंमत मोजावी लागते. कुणाला हा जाच वाटेल. पण त्यामुळेच कॉर्निफरची गुणगुण ऐकू आली की अनोळखी स्टेशनवर ओळखीचे माणूस भेटल्यासारखा जिवात जीव येतो. हरवल्याशिवाय सापडण्याचा आनंद नाही, हे त्या दोघा ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी नीट ओळखले.

हरवू देणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे मात्र नव्हे. २०२४ च्या जानेवारीत निघालेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन’ या खेळात एक साधी पण फार शहाणी सोय आहे. वाट अडली, की त्या जागेचे चित्र टिपून ते नकाशावर टाचून ठेवता येते. पंधरा दिवसांनी खेळाला बसलात तरी कुठे काय अडले होते ते चित्रच सांगते. ज्यांना नोकरी, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास सांभाळून अर्धा तास मिळतो, त्यांच्यासाठी हा खरा उपकार होय. यात बाण नाही, उत्तर नाही. तुमचीच आठवण तुम्हाला जपून ठेवता येते, एवढेच. खेळाडूच्या वतीने विचार करणे निराळे, आणि त्याच्या विचाराला टेकू देणे निराळे.

विश्वासाचा प्रश्न

चौथी कसोटी गुपितांची. सामान्य खेळही गुपिते ठेवतो, पण कशी? शंभर भिंती सारख्या दिसणाऱ्या, त्यांतली एक पोकळ. सापडावी कशी? प्रत्येक भिंतीवर तलवार आपटत. आणि सापडले काय, तर आयुष्य दोन दाण्यांनी वाढले. थोर खेळ खूण ठेवतो. ती डोळ्यांसमोर असते, पण नजर तयार नसते. ‘सुपर मेट्रॉइड’मध्ये समुद्रतळातून जाणाऱ्या एका काचेच्या बोगद्यातून आपण आरंभीच जातो. काचेपलीकडे मासे, वनस्पती, सारे दिसते. पण तिकडे वाट नाही. आपण त्याला देखावा समजून पुढे जातो. पुढे मोठा बॉम्ब हाती आल्यावर एखाद्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या सुचते, काच आहे, फुटेल की! तो बोगदा फुटतो आणि एक सबंध मुलूख खुला होतो. दार कधी लपवलेच नव्हते. आपण त्याला दार म्हणत नव्हतो.

२०२४ च्या मे महिन्यात आलेल्या ‘ॲनिमल वेल’ या खेळाची सारी उभारणी यावरच आहे. बिली बासो या एकट्या माणसाने सुमारे सात वर्षे खपून तो केला. त्यात तलवार नाही, बंदूक नाही. हाती लागतात ती खेळणी. बुडबुडे काढण्याची कांडी, फिरकीची तबकडी, यो-यो. बुडबुडा काढावयाचा आणि फुटण्याच्या आत त्याच्यावर पाय देऊन वर चढावयाचे. तबकडी फेकावयाची आणि तिच्यावरच उडी मारून दरी ओलांडावयाची. कुणी शिकवत नाही. खेळ ‘संपला’ असे वाटल्यावरही खाली आणखी थर आहेत. करणाऱ्याने गृहीत धरले आहे की, खेळणारा हुशार आहे, चौकस आहे, आणि त्याला वेळ द्यावा.

माझ्या मते सगळ्या कसोट्यांच्या मुळाशी हेच आहे. सामान्य खेळ खेळाडूवर विश्वास ठेवीत नाही. तो कंटाळेल या भीतीने त्याला दर दोन मिनिटांनी खाऊ देतो. तो विसरेल या भीतीने बाण दाखवतो. तो चुकेल या भीतीने सूचना छापतो. थोर खेळ त्याच्या स्मरणशक्तीवर विसंबतो. तो म्हणतो, ही जागा ध्यानात ठेव, तू परत येशील. वर्गात मीही दोन्ही प्रकारचे धडे घेतलेले आहेत; परीक्षेसाठीच्या नोट्स उतरवून देण्याचे, आणि एखादी कविता समोर ठेवून गप्प बसण्याचे. मुलांना दहा वर्षांनी आठवते ते दुसरे.

घरच्या माणसांसाठी

येथवर वाचून एखादे वडील म्हणतील, “बाई, हे सगळे ठीक; पण पोरगे जेवायला उठत नाही, त्याचे काय?” प्रश्न खरा आहे. खेळाच्या आहारी जाण्याला जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून अमलात आलेल्या रोगांच्या यादीत स्थान दिलेले आहे, आणि थोर खेळसुद्धा रात्रभर जागून खेळावा असा माझा सल्ला मुळीच नाही. पण इथेही भेद करावयास हवा. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला. ते खेळ निराळे. दुसरे काही खेळ असे, की त्यांना शेवटच नसतो. रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडते, आणि दर आठवड्याला नवी खरेदी समोर येते. मी ज्या खेळांविषयी लिहिले, ते बहुधा एकदाच विकत घ्यावयाचे असतात. आणि मुख्य म्हणजे ते संपतात. पुस्तकासारखे शेवटचे पान त्यांना असते.

आणि त्यांची वाट पाहणारी माणसेही असतात. ‘हॉलो नाईट’चा पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ २०१९ साली जाहीर झाला आणि निघाला ४ सप्टेंबर २०२५ ला. त्या दिवशी विकत घेणाऱ्यांची अशी झुंबड उडाली, की खेळ विकणारी मोठमोठी ऑनलाइन दुकाने काही काळ ठप्प झाली. माझ्या धाकट्या पुतण्याने या भागासाठी चार वर्षे वाट पाहिली. मिळाल्यावर पहिल्या तीन दिवसांत तो इतक्या वेळा मेला, की त्याची आई म्हणाली, “यात मजा कसली रे?” तो म्हणाला, “काकू, तूच सांग आता तिला.” मी सांगितले ते असे, की तो मरतो म्हणून मजा येत नाही, ज्या जागी काल मेला, तिथून आज हसत जातो म्हणून येते. आईला ते कितपत पटले कोण जाणे; पण नंतर ती पाच मिनिटे त्याच्याजवळ बसून पाहत होती, आणि मध्येच म्हणाली, “अरे, ते मघाचे दार नाही का हे?” पुतण्या चमकला. ते दार तो स्वतः विसरला होता.

तेव्हा या दिवाळीच्या सुट्टीत घरात असा एखादा खेळ चालू असेल, तर दूरवरून “किती वेळ?” असे ओरडण्याऐवजी जवळ बसून तीन प्रश्न विचारून पाहावेत. नवे काय मिळाले, आणि त्याने काय काय करता येते? मागे कुठे अडले होते, आठवते का? बाण दाखवतो आहे म्हणून चालला आहेस, की तुला तिकडे जावेसे वाटते आहे? तिन्ही प्रश्नांवर मुलाच्या तोंडून उत्तरांचा ओघ सुरू झाला, तर खेळ चांगला आहे असे खुशाल समजावे. आणि थोडा वेळ बसून राहावे. नुसते “माहीत नाही, तो सांगतो तसे करतो” एवढेच उत्तर आले, तर मात्र चकल्या तळावयास त्याला हाक मारण्यास हरकत नाही.